४ ऑक्टोबर १९५५ : ब्रुकलिनने अखेर यँकीजना हरवलं

खेळिया (धागाकर्ता)

न्यूयॉर्कच्या बेसबॉलबद्दल इथे अधूनमधून लिहिलं जातं, पण ते बहुतेक आजच्या यँकीजबद्दल. मला लिहायचंय १९५५ च्या वर्ल्ड सिरीजबद्दल, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेबद्दल. सातपैकी आधी चार सामने जिंकेल तो जगज्जेता. एकाच शहरातले दोन संघ, ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क यँकीज. सात दिवसांत सात सामने, आणि त्यातून ब्रुकलिनला मिळालेलं पहिलं आणि शेवटचं जगज्जेतेपद. या मालिकेचा विषय निघाला की सगळे सँडी अमोरोसच्या झेलावर येऊन थांबतात. झेल होताच तसा. पण शेवटचा सामना ब्रुकलिनच्या मोठ्या नावांनी काढून दिला नाही, तो बाकावरच्या आणि दुय्यम मानलेल्या माणसांनी काढून दिला, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी सातवा सामना जरा जवळून बघायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रुकलिन १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होतं. मग ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं, पण तिथल्या लोकांनी मनाने विलीनीकरण कधी फारसं स्वीकारलं नाही. त्यांचा संघ, त्यांचं एबेट्स फील्ड हे जेमतेम ३२ हजार माणसं मावणारं मैदान, बेडफर्ड अव्हेन्यूच्या बाजूची ती जाहिरातींनी भरलेली भिंत, घंटा वाजवत बसणाऱ्या बाई, स्टँडमध्ये हिंडणारा हौशी बँड. आपल्याच संघाला ते लाडाने आणि चिडून ‘बम्स’ म्हणत. पलीकडे ब्रॉन्क्समध्ये यँकीज : श्रीमंत, शिस्तीचे, जिंकायची सवय लागलेले. १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षं त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती.

ब्रुकलिनचा हिशोब असा : १९१६ मध्ये बॉस्टनकडून हरले, १९२० मध्ये क्लीव्हलंडकडून. मग १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३ अशा पाच वेळा अंतिम मालिका गाठली आणि पाचही वेळा समोर यँकीज. पाचही वेळा हार. त्यातही हरण्याची तऱ्हा अशी की माणसाने डोकं धरून बसावं. १९४१ च्या चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये दोन बाद, ब्रुकलिन ४-३ ने पुढे, समोरच्या बॅटरचा तिसरा स्ट्राइक झाला, म्हणजे सामना संपला. पण कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू घेणारा) मिकी ओवेनच्या हातून चेंडू सुटला, बॅटर पळत पहिल्या बेसवर पोहोचला आणि यँकीजनी तिथून चार धावा काढल्या. १९५२ च्या सातव्या सामन्यात तिन्ही बेसवर ब्रुकलिनचे खेळाडू उभे असताना जॅकी रॉबिन्सनने (विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, खेळलेला पहिला कृष्णवर्णीय) उंच उडवलेला चेंडू कुणीच घ्यायला येईना, शेवटी बिली मार्टिन धावत आला आणि गुडघ्याच्या उंचीवर त्याने तो टिपला. दर ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनमध्ये एकच वाक्य : पुढच्या वर्षी बघू.

१९५५ चा संघ तगडा होता. मोसमाची सुरुवातच सलग दहा विजयांनी. ९८ सामने जिंकून, दुसऱ्या क्रमांकाच्या मिलवॉकीला साडेतेरा सामन्यांनी मागे टाकून ते आले. पिचर (चेंडू टाकणारा) डॉन न्यूकंबने २० सामने जिंकले होते आणि फक्त ५ हरले होते. रॉय कॅम्पानेला त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर अमेरिकन लीगचा योगी बेरा, यँकीजचा. दोघेही कॅचर.

२८ सप्टेंबरला यँकी स्टेडियमवर पहिला सामना, यँकीज ६-५. दुसरा त्यांनीच ४-२ ने घेतला. त्यात टॉमी बर्नने पूर्ण सामना पिचिंग केलं आणि वर स्वतःच्या बॅटने दोन धावाही आणल्या. सात सामन्यांच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पहिले दोन हरून कुणी मालिका जिंकल्याचं तोवर घडलंच नव्हतं. पुन्हा तेच, असं ब्रुकलिनने गृहीत धरलं.

तिसऱ्या सामन्यात, एबेट्स फील्डवर, मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनने चेंडू जॉनी पोड्रेसच्या हातात दिला. हा मुलगा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या विदरबी नावाच्या खाणगावातला, वडील लोखंडाच्या खाणीत कामाला. मोसमात ९ जिंकलेले, १० हरलेले. ३० सप्टेंबर हा त्याचा तेविसावा वाढदिवस. त्याने सामना एकट्याने पूर्ण केला, ८-३. मग ८-५, मग ५-३. ड्यूक स्नायडरने पाचव्या सामन्यात दोन होम रन मारले, मालिकेत एकूण चार. सहावा यँकी स्टेडियमवर. यँकीजनी पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा ठोकल्या आणि व्हाइटी फोर्डने पुढे काही होऊ दिलं नाही, ५-१.

आता सातवा. ४ ऑक्टोबर, मंगळवार, यँकी स्टेडियम, ६२,४६५ प्रेक्षक. न्यूकंब पहिल्या सामन्यानंतर पिचिंगला आलाच नव्हता. रॉबिन्सन टाचेच्या दुखण्यामुळे बाहेर, त्याच्या जागी डॉन होक. पिचर पुन्हा पोड्रेस, तीन दिवसांच्या विश्रांतीवर. मला एक धाव काढून द्या, तेवढी पुरे, असं तो सहकाऱ्यांना सांगून मैदानात उतरला.

चौथ्या इनिंगमध्ये कॅम्पानेलाने डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि गिल हॉजेसच्या हिटवर तो घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला. १-०. सहाव्या इनिंगमध्ये हॉजेसनेच खोल फटका मारून पी वी रीसला घरी आणलं. २-०. त्यानंतर बेस भरलेले असताना ऑल्स्टनने सेकंड बेसमन डॉन झिमरच्या जागी जॉर्ज शूबाला बॅटिंगला पाठवलं. शूबा बाद झाला, धाव नाही. म्हटलं तर वाया गेलेली चाल. पण झिमर बाहेर गेल्यामुळे सेकंड बेसवर कुणीतरी हवं होतं. म्हणून लेफ्ट फील्डमधला जिम गिलियम तिथे आला आणि लेफ्ट फील्डमध्ये बाकावरून उठून गेला क्युबाचा सँडी अमोरोस.

पुढची बॅटिंग यँकीजची. बिली मार्टिनला वॉक (पिचरचे चार चेंडू बाहेर गेले की फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला. मॅकडूगल्डने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने नुसता हलकेच टेकवून, पहिला बेस गाठला. शून्य बाद, दोन बेसवर माणसं, बॅटिंगला योगी बेरा. बेरा डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढणारा. म्हणून सगळे फील्डर त्या बाजूला सरकलेले, अमोरोसही आपल्या जागेपासून बराच आत, सेंटर फील्डकडे. आणि बेराच्या बॅटवरून चेंडू उडाला तो नेमका उलट्या बाजूला, लेफ्ट फील्डच्या रेषेलगत.

अमोरोस तिरका धावत सुटला. भिंतीवर ३०१ फुटांचा आकडा आहे त्या कोपऱ्याकडे, भिंत जवळ येत असताना, त्याने उजवा हात लांबवला आणि चेंडू ग्लव्हमध्ये बसला. अमोरोस डावऱ्या हाताने फेकणारा, म्हणजे ग्लव्ह उजव्या हातात, रेषेच्या बाजूला. गिलियम उजव्या हाताने फेकणारा. तो तिथे असता तर त्याला तो झेल अंगावरून आडवा हात नेऊन घ्यावा लागला असता, आणि तो पोहोचला नसता असं मला वाटतं.

पण झेल घेऊन अमोरोस थांबला नाही. पाय रोवून त्याने लगेच चेंडू रीसकडे फेकला, रीसने गर्रकन वळून पहिल्या बेसवर हॉजेसकडे. झेल सुटणारच असं धरून मॅकडूगल्ड दुसऱ्या बेसच्या आसपास पोहोचला होता, त्याला परत येता आलं नाही. एका चेंडूत दोन बाद. २-२ होऊ शकणारा सामना २-० वरच राहिला. माझ्या दृष्टीने झेलापेक्षा हा थ्रो मोठा. झेलाने एक बळी मिळाला, थ्रोने यँकीजचा जोरच मोडला.

नवव्या इनिंगमध्ये शेवटचा बॅटर एल्स्टन हॉवर्ड. पोड्रेस वेगाचे चेंडू टाकत होता, हॉवर्ड ते फाऊल करून परतवत होता. कॅम्पानेलाने पुन्हा वेगाच्याच चेंडूची खूण केली. पोड्रेसने मान हलवून नकार दिला आणि चेंज-अप (फसवा हळू चेंडू) टाकला. घरंगळता चेंडू रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे. संपलं.

तर माझा मुद्दा हा : न्यूकंब नाही, रॉबिन्सन नाही. पोड्रेस, अमोरोस आणि बाद होऊन परतलेला शूबा. तुम्हाला काय वाटतं?

---

गोलंदाज

झकास लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली). बेसबॉल मला अर्धामुर्धाच कळतो, म्हणून एक शंका. झेल घेतल्यावर बेसवरचा माणूस बाद कसा झाला? त्याने तर बॅटिंग केलीच नव्हती.

---

खेळिया

@गोलंदाज, हवेत मारलेला चेंडू झेलला गेला की बेसवरच्या प्रत्येक धावपटूला आपल्या मूळ बेसला पाय लावावाच लागतो. त्यानंतरच तो पुढे पळू शकतो. तो परत येण्याआधी चेंडू त्या बेसवरच्या फील्डरच्या हातात पोहोचला तर तो बाद. म्हणून अनुभवी धावपटू असा फटका हवेत असताना अर्ध्या वाटेवर थांबून बघतो. दुसऱ्या बेसवरच्या मार्टिनने तेच केलं आणि तो वाचला. मॅकडूगल्ड मात्र पळत सुटला. त्याला दोष देता येत नाही, त्या मैदानात बसलेल्या बहुतेकांना चेंडू खाली पडणार असंच वाटत होतं.

---

रानपाखरू

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. मोठ्या नावांनी जिंकून दिलं नाही कसं? स्नायडरचे चार होम रन आहेत. चौथ्या सामन्यात कॅम्पानेला, हॉजेस, स्नायडर तिघांचे होम रन. ते नसते तर मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेलीच नसती. सातव्यातल्या दोन्ही धावा हॉजेसने आणल्या, आणि हॉजेस काही दुय्यम नव्हे. दोन्ही बाद होणाऱ्या क्षणी चेंडू कुणाच्या हातात होता? रीस आणि हॉजेस. कॅप्टन आणि फर्स्ट बेसमन, वर्षानुवर्षं तिथे उभे असलेले.

---

चिंतामणी

हॉजेसबद्दल रानपाखरूंना +१, आणि त्यात भर घालतो. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये हा माणूस २१ वेळा बॅटिंगला आला आणि त्याला एकही हिट मिळाला नाही. शून्य. दुसऱ्या कुठल्याही शहरात त्याला हुसकावून लावलं असतं. ब्रुकलिनच्या लोकांनी काय केलं? त्याला पत्रं पाठवली, जपमाळा पाठवल्या. पुढच्या मोसमातही त्याचा हात बसेना, तेव्हा तिथल्या एका पाद्र्याने रविवारी, आज उकाडा फार आहे, प्रवचन देत नाही, घरी जा, धर्माज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढंच सांगून लोकांना सोडलं.

त्याच हॉजेसने तीन वर्षांनी सातव्या सामन्यात दोन्ही धावा आणल्या. आणि शेवटचा बाद घेणारा ग्लव्हही त्याचाच. मला या मालिकेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला २०२२ उजाडलं, जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर. हा अन्याय होता असं मी आजही म्हणेन.

---

सई_जर्सी

शूबाचं नाव वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी जर्सी सिटीत राहते. १८ एप्रिल १९४६ रोजी इथल्याच रूझवेल्ट स्टेडियमवर जॅकी रॉबिन्सन माँट्रिअल रॉयल्सकडून (ब्रुकलिनचा खालच्या पातळीवरचा संघ) पहिला सामना खेळला. मेजर लीगमध्ये यायच्या वर्षभर आधी. त्या दिवशी त्याने होम रन मारला आणि होम प्लेटवर त्याच्याशी हात मिळवायला पुढच्या नंबरचा बॅटर उभा होता, तो हा जॉर्ज शूबा. गोऱ्या खेळाडूने मैदानात सगळ्यांसमोर काळ्या सहकाऱ्याचा हात हातात घेतल्याचा तो फोटो खूप गाजला. शूबाने पुढे आयुष्यभर सांगितलं की त्यात विशेष काही नव्हतं, आपल्या संघातल्या माणसाने होम रन मारला की हात मिळवायचा असतो.

ते स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं, आता तिथे घरं आहेत. पण जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्टेशनपाशी रॉबिन्सनचा पुतळा आहे. न्यूअर्क अव्हेन्यूवर आपली जी दुकानं आहेत, जिथे भाकरीच्या पिठापासून गणपतीच्या आरासेपर्यंत सगळं मिळतं, तिथून तो पुतळा चालत जाण्याइतका जवळ आहे. आपली इतकी माणसं त्या स्टेशनवरून रोज ये-जा करतात. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा तिथे. माझ्या मुलीला मी शूबाची गोष्ट त्या पुतळ्यापाशीच सांगितली.

---

खेळिया

सई, फार सुंदर भर. जर्सी सिटीचा अजून एक दुवा आहे आणि तो कडू आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये, म्हणजे ब्रुकलिन जिंकायच्या दोन महिने आधी, मालक वॉल्टर ओमॅली यांनी जाहीर करून टाकलं होतं की पुढच्या मोसमातले सात घरचे सामने रूझवेल्ट स्टेडियमवर खेळवले जातील. एबेट्स फील्ड आपल्याला पुरत नाही, हे शहराला ऐकवण्याचा तो प्रकार होता. ज्या वर्षी लोक रस्त्यावर येऊन नाचले, त्याच वर्षी संघ हलवण्याची तयारी सुरू झाली होती, आणि दोन वर्षांत तो ब्रुकलिन सोडून गेलाही.

@रानपाखरू, स्नायडरशिवाय सातवा सामना झालाच नसता हे मला पूर्ण मान्य आहे. मी बोलतोय ते शेवटच्या दिवसाबद्दल. आधीच्या पाच पराभवांत ब्रुकलिनकडे मोठी नावं होतीच की. रीस त्या पाचही मालिका खेळला होता. रॉबिन्सन, स्नायडर, हॉजेस, कॅम्पानेला हे सगळे १९४९, १९५२, १९५३ मध्ये मैदानात होते, तरी यँकीज जिंकले. १९५५ मध्ये नवीन काय होतं, तर पोड्रेसचं ते पिचिंग आणि ऑल्स्टनने बाकावरून उठवलेली माणसं. पाचवा सामना जिंकणारा रॉजर क्रेगही त्याच वर्षी आलेला, पहिल्याच मोसमातला.

---

मुशाफिर

होम स्टीलचा विषय कुणीच काढला नाही?! पहिल्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना रॉबिन्सन तिसऱ्या बेसवरून थेट होम प्लेटकडे धावला. वय वर्षं ३६. पिचर व्हाइटी फोर्ड, कॅचर बेरा. अंपायर बिल समर्सने सेफ दिलं आणि बेरा अक्षरशः थयथयाट करत त्याच्या अंगावर गेला. मरेपर्यंत बेरा म्हणत राहिला की तो आऊट होता. चाहत्यांनी त्या फोटोवर सही मागितली की सहीबरोबर तेही लिहून द्यायचा.

मी तो फोटो आणि फिल्म कितीतरी वेळा बघितली आहे. माझं मत : सेफ. बेराचा ग्लव्ह प्लेटच्या पुढे आहे आणि पाय आधी आत सरकलाय.

---

रानपाखरू

मी आऊटच्या बाजूने. टॅग पायावर आधी लागलेला दिसतो. आणि खरं सांगायचं तर त्या परिस्थितीत ती चोरी करायलाच नको होती. दोन धावांनी मागे असताना तिसऱ्या बेसवरचा माणूस एकट्याने जोखीम घेतो, पकडला गेला असता तर इनिंग तिथेच संपली असती. शेवटी सामना ६-५ ने हरलेच.

---

चिंतामणी

रानपाखरू, हिशोबाने बघितलं तर बरोबर आहे तुमचं. पण तो सामना हरूनसुद्धा ब्रुकलिनचे लोक त्या धावेबद्दल बोलत राहिले. आठ वर्षं रॉबिन्सनने हेच केलं होतं, समोरच्या पिचरला स्वस्थ उभं राहू द्यायचं नाही. त्या मालिकेत त्याची बॅट चालली नाही, सरासरी .१८२ होती. पाय चालले, म्हणून तो पायांनी खेळला. अशा माणसाला शेवटच्या दिवशी बाकावर बसून बघावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

---

गोलंदाज

शेवटचा बॅटर एल्स्टन हॉवर्ड, हे यँकीजचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ना? की मी घोळ करतोय?

---

खेळिया

बरोबर आहे. हॉवर्ड यँकीजकडून पहिल्यांदा खेळला तो एप्रिल १९५५ मध्ये. रॉबिन्सन ब्रुकलिनकडून १५ एप्रिल १९४७ ला खेळला होता, म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली. १९५२ मध्ये रॉबिन्सनने टीव्हीवर एका प्रश्नाच्या उत्तरात सरळ सांगितलं होतं की यँकीजचं व्यवस्थापन भेदभाव करतं, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. या दोन संघांमधलं अंतर फक्त नदीच्या दोन बाजूंचं नव्हतं. ब्रुकलिनच्या १९५५ च्या संघात रॉबिन्सन, कॅम्पानेला, न्यूकंब, गिलियम, अमोरोस असे पाच कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि त्याच संघाने शेवटी यँकीजना हरवलं. मला हे त्या निकालाचं फार मोठं अंग वाटतं.

हॉवर्डवर मात्र अन्याय नको. पहिल्या सामन्यात, वर्ल्ड सिरीजमधल्या आपल्या पहिल्याच बॅटिंगला त्याने होम रन मारला होता. १९६३ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो मान मिळवणारा तिथला पहिला कृष्णवर्णीय. शेवटचा बाद म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण तो मोठाच खेळाडू होता.

---

सई_जर्सी

अमोरोसचं पुढे काय झालं? पोड्रेसला तर बक्षीस म्हणून मोटार मिळाली असं वाचल्याचं आठवतं.

---

मुशाफिर

पोड्रेसला कॉर्वेट मिळाली. वर्ल्ड सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मानकरी तो.

अमोरोसची कहाणी वाचवत नाही. मूळचा मातान्झासचा. निवृत्त होऊन क्युबात परतला. क्रांतीनंतर कॅस्ट्रोने त्याला एका संघाचं मॅनेजरपद घ्यायला सांगितलं, याने नकार दिला. घर, जमीन, पैसा सगळं गेलं. १९६७ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आला तेव्हा हातात काही नव्हतं. मेजर लीगच्या पेन्शनला थोडे दिवस कमी पडत होते, तर डॉजर्सनी त्याला तेवढ्यापुरतं संघाच्या यादीत घेतलं, म्हणजे पेन्शन सुरू होईल. १९९२ मध्ये मायामीत वारला. तो झेल घेतला तेव्हा जेमतेम २५ वर्षांचा होता.

---

चिंतामणी

डॉजर्सनी निदान हे तरी केलं. हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

दुसरा असा एक म्हणजे कार्ल स्पूनर. सहाव्या सामन्यात ज्याच्या पिचिंगवर यँकीजनी पहिल्या इनिंगमध्ये पाच धावा काढल्या तो. १९५४ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि पहिल्या दोन सामन्यांत एकही धाव न देता २७ बॅटर स्ट्राइक आऊट केले होते. मग खांदा गेला. वर्ल्ड सिरीजचा तो सहावा सामना मेजर लीगमधला त्याचा शेवटचा. विजेत्या संघात त्याचं नाव आहे, पण आठवण कुणी काढत नाही.

---

रानपाखरू

पोड्रेसच्या पिचिंगबद्दल थोडं तांत्रिक लिहितो, कारण धाग्यात ते राहिलंय. तिसऱ्या सामन्यात त्याने यँकीजना चेंज-अपवर नाचवलं. म्हणजे हाताची हालचाल वेगाच्या चेंडूसारखी, पण चेंडू हळू. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. साहजिकच सातव्या सामन्यात यँकीज चेंज-अपची वाट बघत आले. पण यँकी स्टेडियममध्ये ऑक्टोबरच्या दुपारी स्टँडची सावली मैदानावर सरकत येते. पिचर उन्हात आणि बॅटर सावलीत अशी वेळ आली की वेगाचा चेंडू दिसेनासा होतो. पोड्रेस आणि कॅम्पानेलाने त्या दिवशी वेगाच्या चेंडूवरच भर दिला. आठ हिट दिले, पण धाव एकही नाही. आणि सगळे वेगाला सरावल्यावर शेवटच्या बॅटरला चेंज-अप. तो नकार पोड्रेसने कॅम्पानेलाला दिला, त्या वर्षीच्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला, हे लक्षात घ्या.

या मुद्द्यावर खेळियांशी मी सहमत आहे. सामना पोड्रेसचा. झेल, थ्रो सगळं नंतर.

---

गोलंदाज

आता खरी मजा कळली. लेगस्पिनरने दिवसभर गुगली राखून ठेवावी तसं. आणि दोन वर्षांत संघच गेला म्हणता? जिंकलेला संघ शहर सोडून जातोच कसा?

---

खेळिया

@गोलंदाज, त्यावर खूप वाद आहेत. थोडक्यात सांगतो.

एबेट्स फील्डमध्ये मोटारींसाठी जागा सुमारे ७०० गाड्यांची. ब्रुकलिनचे बरेच चाहते तोवर लाँग आयलंडच्या उपनगरांत राहायला गेले होते आणि मोटारीने येणार होते. जगज्जेतेपदाच्या वर्षी घरच्या मैदानावर प्रेक्षक आले १० लाखांच्या थोडे वर, त्याच मोसमात मिलवॉकीने २० लाखांचा आकडा गाठला. ओमॅलींना अटलांटिक आणि फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या नाक्यावर, रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर, स्वतःच्या पैशाने नवं स्टेडियम बांधायचं होतं. जमीन मात्र शहराने संपादित करून द्यावी अशी मागणी. ते काम ज्यांच्या हातात होतं त्या रॉबर्ट मोझेसनी नकार दिला आणि क्वीन्समधल्या फ्लशिंग मेडोजची जागा पुढे केली. ओमॅलींचं म्हणणं, क्वीन्समध्ये गेलो तर आम्ही ब्रुकलिनचे कसे? लॉस एंजेलिस हात पसरून उभंच होतं.

२४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, पिट्सबर्गविरुद्ध. ६,७०२ प्रेक्षक. डॉजर्स २-० ने जिंकले. १९५८ पासून ते लॉस एंजेलिसचे. जानेवारी १९५८ मध्येच कॅम्पानेलाच्या मोटारीला अपघात झाला आणि तो कायमचा जायबंदी झाला, नव्या शहरात तो एकही सामना खेळू शकला नाही. रॉबिन्सन त्याआधीच निवृत्त झाला होता. क्लबने त्याला जायंट्सना, न्यूयॉर्कच्याच तिसऱ्या संघाला, विकायचं ठरवलं होतं, तो गेला नाही.

---

चिंतामणी

ओमॅलीलाच दोष. बाकी कारणं सांगता येतात, पण संघ नफ्यात होता. लोकांनी अर्धशतक जीव लावलेला संघ तुम्ही उचलून नेता, तेव्हा जबाबदारी तुमची असते.

---

मुशाफिर

मी मोझेसच्या नावावर टाकतो. ओमॅलीने दहा वर्षं जागा मागितली होती. जी जागा मागितली तिच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, २०१२ मध्ये बार्कलेज सेंटर उभं राहिलंच ना? म्हणजे तिथे मैदान होऊ शकत होतं. पन्नास वर्षं उशिरा झालं, बास्केटबॉलसाठी.

---

सई_जर्सी

दोघांवरही राग येतो मला. पण जास्त वाईट वाटतं ते १९५५ च्या त्या रात्रीच्या लोकांबद्दल. हॉटेल बॉसर्टसमोर गर्दी, रस्त्यावर कागदाचे कपटे, गाड्यांचे भोंगे. डेली न्यूजच्या पहिल्या पानावर तो हसरा फाटका बम आणि ‘कोण म्हणतंय बम!’ अशा अर्थाचा मथळा. रेडिओ-टीव्हीवरचा समालोचक विन स्कली एका वाक्यात ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झाल्याचं सांगून गप्प झाला. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, अजून एक शब्द बोललो असतो तर रडलो असतो. त्यांना कुणालाच माहीत नव्हतं की हे एकदाच मिळणार आहे.

---

गोलंदाज

सँडी कुफॅक्स या संघात होता का? त्याचं नाव सगळीकडे ऐकतो.

---

खेळिया

होता. १९ वर्षांचा, ब्रुकलिनमध्येच जन्मलेला, पहिल्याच मोसमातला. या मालिकेत त्याला एकही चेंडू टाकायला मिळाला नाही, बाकावर बसूनच त्याने सगळं बघितलं. त्याचा दिवस पुढे आला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी ब्रुकलिनच्या कार्ल अर्स्किनने एबेट्स फील्डवर यँकीजचे १४ बॅटर स्ट्राइक आऊट केले होते, तो वर्ल्ड सिरीजचा विक्रम होता. बरोबर दहा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९६३ रोजी, यँकी स्टेडियमवर कुफॅक्सने १५ केले. दुसऱ्या दिवशी पोड्रेसने यँकीजना त्याच मैदानावर पुन्हा हरवलं आणि डॉजर्सनी ती मालिका ४-० ने जिंकली. मॅनेजर तेव्हाही ऑल्स्टनच होता. गिलियमही होता. शर्टावर मात्र लॉस एंजेलिस.

१९५६ मध्ये यँकीजनी केलेली परतफेड, डॉन लार्सनचा तो परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना), यावर कुणी लिहिणार असेल तर जरूर लिहा. रानपाखरू, तुम्ही पिचिंगबद्दल इतकं बारकाईने लिहिता, तुम्हीच घ्या मनावर.

---

रानपाखरू

घेतो. पण त्यात बेराचं कौतुक येणार हे आत्ताच सांगून ठेवतो. लार्सनचा प्रत्येक चेंडू त्याने मागितलेला होता, आणि १९५६ च्याच सातव्या सामन्यात न्यूकंबला दोन होम रनही बेरानेच मारले.